एका गाडीतली मतं

पेम्ब्रोक, नॉर्थ कॅरोलायना
२ ऑक्टोबर

मामाचं नाव पेपरात छापायच्या आधी घरी एक शब्द विचारला असतास, तर तुझी विद्या कमी झाली असती का गं? न्हाव्याच्या खुर्चीत तोंडाला फेस लावून बसला होता बिचारा, आणि शेजारच्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आला.

चि. जोरेटा हिस मेल्विना आजीचे अ. आ. फोनवर तू रडतेस आणि मग मला बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला. चौथीत शाळा सुटली ती तंबाखूच्या शेतात गेले. तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तू लिहिलंस की आपलं राज्य दर निवडणुकीला काठावर असतं. शहरांत बाहेरची शिकलेली माणसं भरली, काळे लोक बहुतेक एका बाजूला, खेड्यातले गोरे दुसऱ्या, आणि ज्यांच्या गिरण्या परदेशी गेल्या ते आपण लम्बी, म्हणजे इथल्या मूळच्या आदिवासी जमातीचे लोक, मधे लोंबकळतोय. इथवर बरोबर. माझ्या लहानपणी इथल्या थेटरात तीन जागा असत, गोऱ्यांची, काळ्यांची आणि आपली. कोण कुठे बसतं ते मला पुस्तकातून कळायला नको. पण पुढे लिहिलंस की बंद कारखान्यांच्या गावात माणसं विचारानं नाही, रागानं मत देतात. आणि वर, ‘माझे मामा हार्वेल ऑक्सेंडाइन यांचंच बघा, बुटांचा कारखाना गेल्यापासून ते रिपब्लिकनांना मत देतात.’

अगं, हे मला तुझ्या पेपरातून कळावं? सगळ्या गोतावळ्याला गाडीत घालून मतदानाला नेते ती मी. तुझे आजोबा ट्रेलरमधून न्यायचे, ते गेल्यावर मी व्हॅनमधून. गाडीत बसलेल्याला मत विचारायचं नाही, हा नियमही आमचाच. मी आपली समजत होते, आख्खी गाडी डेमोक्रॅट! इतकी वर्षं माझंच पेट्रोल जाळून, माझंच मत खोडायला मी त्याला दारापर्यंत पोचवत होते. हसू नकोस.

आता तो म्हणतो, गाडीत बसणार नाही, मत देणार नाही आणि तुझं नाव घरात काढायचं नाही. रविवारी जेवायलाही आला नाही. तुझी आई गेल्यावर तुला वाढवलं ते त्यानं. तुझ्या वेण्यासुद्धा तोच घालायचा, वाकड्या का होईना. तोडलंस तू, तेव्हा जोडायचं कसं ते तूच बघ.

कोलार्डची भाजी यंदा बरी आलीय. नातजावयाला, कॉर्नेलला आशीर्वाद.

तुझी आजी


शार्लट
९ ऑक्टोबर

ती. आजीस जोरेटाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लेखातले आकडे खरे आहेत, ते मी मागे घेणार नाही. मामाचं नाव घालायला नको होतं, हेही खरं.

पण एक गोष्ट तूही ऐक. माझ्या लग्नाला तो आला नाही. कॉर्नेल काळा आहे म्हणून आला नाही, असं मी धरून चाललेय, कारण दुसरं कारण मला कुणी सांगितलं नाही. लेख वाचल्यावर कॉर्नेलनंच मला फटकारलं. म्हणाला, मामाशी भांडायचं होतं तर त्याच्या ओट्यावर जाऊन भांडायचं, सगळ्या राज्याला मधे कशाला घेतलंस?

मतदानाला मी तिकडे येऊ शकत नाही, माझं नाव आता इथल्या यादीत आहे. मामाला फोन करते तर तो उचलत नाही. तू त्याला गाडीत घेणार आहेस का? तो कुणाला मत देतो हे आता तुला माहीत आहे, म्हणून विचारते.

तब्येत जप. रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझी
जोरेटा


पेम्ब्रोक
६ नोव्हेंबर

चि. जोरेटा हिस अ. आ.

राज्य कुणाकडे गेलं ते तुला माझ्याआधी कळलं असेल, म्हणून ते लिहीत नाही. दोन्ही उमेदवारांनी आपल्या जमातीला पुरी सरकारी मान्यता देतो म्हणून सांगितलंय. देतील तेव्हा बघू.

काल सकाळी गाडी हार्वेलच्या दारात उभी केली आणि भोंगा दाबून धरला. कुत्री भुंकायला लागली तेव्हा बाहेर आला. म्हणाला, आई, मी तुझं मत मारतो हे माहीत असून नेतेस? मी म्हटलं, मेल्या, तुला जन्म दिला तेव्हा पक्ष विचारला नव्हता, बस पुढे. बसला.

रांगेत तो वेल्टन लॉकलियर होता, ज्याला कधी गप्प बसता आलं नाही. म्हणाला, हार्वेल, भाचीनं बिनडोक ठरवलं ना रे तुला? शहरात गेली, काळ्याशी लग्न केलं, आता आपल्यालाच शिकवते. सगळी रांग ऐकत होती. हार्वेल वळला. म्हणाला, तिनं राग लिहिलाय तो खरा आहे. फक्त तो राग मी विचार करून धरलाय, एवढंच तिला कळलं नाही. कारखाना परदेशी घालवणाऱ्या करारावर सही डेमोक्रॅट अध्यक्षाची होती, ते मी विसरलो नाही. पण माझ्या पोरीबद्दल आणि तिच्या नवऱ्याबद्दल पुन्हा तोंड उघडलंस, तर मत द्यायला आत तुला उचलून न्यावं लागेल.

पोरगी म्हणाला, भाची नाही. मी ऐकलं.

परतताना तळलेल्या मक्याच्या भाकरीत कोलार्ड घालून सगळ्यांना दिलं, तेव्हा मी लग्नाचं विचारलं. हार्वेलनं हात पँटला पुसले. मग म्हणाला, तेव्हा मनात ते होतं, तो काळा आहे हे. मी सारवासारव करून सांगणार नाही; त्यानं केली नाही, तर मी का करू? पण मग तोंड वळवून विचारलं, त्या पोराला डुक्कर धरता येतं का? थंडी पडली की कापायचंय, आणि दुसऱ्या बाजूनं धरायला माणूस नाही. इथे माणसं ढीगभर आहेत, जोरेटा. वेल्टनसुद्धा येतो बोलावलं की.

लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते उत्तर बघून ठरवीन.

आजी

ता. क. : उत्तर तू लिहायचं नाहीस. कॉर्नेलनं लिहायचं, आणि मला नाही, हार्वेलला.