बिबळ्याची अर्धी राहिलेली गोष्ट

एसाकिर, ता. ४ मार्च १९७१

चि. एकुवास,

नानाचे पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी आलं. मंगळवार दर्याच्या विश्रांतीचा, होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून घरीच होतो. पाच वेळा वाचलं, पाचही वेळा घाम फुटला.

पोरी, तू पहिल्या वर्षाची मास्तरीण. अठरा तारखेला इन्स्पेक्टर तुझा तास बघणार, त्यावरून नोकरी कायम होणार की गाशा गुंडाळायचा ते ठरणार. आणि त्याच तासाला तू मला गोष्ट सांगायला बोलावतेस? अगं, मी चार यत्ता शिकलेला, जाळी विणणारा माणूस. म्हणे मुली रूपक, पूर्वसूचना, कळस यांच्या व्याख्या घडाघडा म्हणतात, पण गोष्टीत त्या सापडत नाहीत, आणि माझ्या गोष्टींत मात्र सगळं आहे. मी तीन दिवस शोधतोय. असेल तर ते ठेवलं कुणी? मी तर नाही. रूपक म्हणजे काय ते कळव, नाहीतर नेमकं तेवढंच गाळून बसायचो.

बूट चावतात. कवळी सैल झालीय. तुझी आजी म्हणते, काळजी करायची शर्यत असती तर या माणसाने राजधानीहून ढाल आणली असती.

तुला जपणारा,
नाना

*

केप कोस्ट, ता. ९ मार्च १९७१

ती. नानांस,

एकुवाचा वाकून नमस्कार. इकडे सर्व ठीक, तुमचं पत्र वाचून हसून हसून पोट दुखलं तेवढं सोडून.

मावशीच्या नवऱ्याला तुम्ही ‘नुसता गडगडणारा कोरडा ढग’ म्हणालात आणि दोन महिने अबोला झाला, आठवतं? ते रूपक. पुढे जे उगवणार त्याचं बी आधीच हळूच पेरून ठेवायचं, ती पूर्वसूचना. श्वास कसा घ्यायचा हे कुणी तुम्हाला शिकवलं नाही, तरी घेताच ना? तसंच हे.

बूट नकोत, अंगाभोवती गुंडाळून खांद्यावरून घेता तेच सणाचं वस्त्र नेसून या. बिबळ्याची गोष्ट सांगा. माझी सगळी भिस्त तुमच्यावर आहे.

लोभ आटू देऊ नये.
आपली,
एकुवा

*

एसाकिर, ता. १९ मार्च १९७१

चि. एकुवास,

आशीर्वाद द्यायला तोंड नाही, तरी ते घे.

काल मी तुला बुडवलं. गोष्ट अर्ध्यात सोडून, कुणाला न सांगता पहिली लॉरी धरून घरी आलो. सुरुवात तर चांगली झाली होती. बिबळ्याराजाने दवंडी पिटली की उत्सवाला जो सर्वांत शेवटी पोहोचेल त्याला मी खाणार. सगळ्यांना कळलं की कासवाचं मरण आलं. राजाची पालखी ढोलासकट निघाली, कासव अजून स्वतःच्या दारातच. इथे मी नेहमीसारखा थांबलो.

आपल्या गावात इथे एबो कोळी उठणारच. ओरडून म्हणणार, थांब म्हाताऱ्या, त्या दिवशी मी तिथेच होतो! मग गाणं धरणार, बायका टाळ्या वाजवणार. ज्या गोष्टीला कुणी अडवत नाही ती मेली असं समजून सांगणाऱ्याने खाली बसावं, हा आपला रिवाज. तुझ्या चाळीस मुली हाताची घडी घालून गप्प. मी दुसऱ्यांदा थांबलो. गप्प. इन्स्पेक्टरसाहेब वहीत काही लिहीत होते. गोष्ट मेली आणि तिच्याबरोबर तुझी नोकरीही, असं वाटून मी उठलो.

आजी कालपासून माझ्याशी बोलत नाही. ते बरंच आहे म्हणा, पण या कारणाने नको होतं. जे झालं असेल ते खरं कळव.

अपराधी,
नाना

*

केप कोस्ट, ता. २४ मार्च १९७१

ती. नानांस,

नमस्कार, आणि त्याच हाताने तुमचा कान धरते.

अहो, मुख्याध्यापिकाबाईंनी सकाळीच दम भरला होता की पाहुण्यांसमोर जी तोंड उघडेल तिला आठवडाभर आवार झाडावं लागेल! मुली श्वास रोखून बसल्या होत्या. तुम्ही दाराबाहेर गेलात आणि वर्गात दंगा उसळला. पुढे काय झालं? कासव मेलं का? मला रडू येत होतं, पण मी खडू उचलला. म्हटलं, नाना गेले, पण बी पेरून गेले असतील. शोधा.

मागच्या बाकावरची अराबा उठली. वर्षभरात ती एकदाही बोलली नव्हती. म्हणाली, बाई, नानांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की शोक असलेल्या घरावरून राजा कधी तसाच पुढे जात नाही. कासवाचं घर तर त्याच्या पाठीवर! ते रस्त्यात बसून आक्रोश करील. राजाला उतरून सांत्वन करावं लागेल, आणि घरच्यांनी निरोप दिल्याशिवाय उठता येणार नाही. सगळे पुढे गेले की कासव निरोप देईल. पण पाहुण्याला पोहोचवायला यजमान पुढे चालतो. म्हणजे शेवटी पोहोचणार कोण?

यावर इन्स्पेक्टरसाहेब वही फेकून उभे राहिले आणि गरजले, थांब पोरी, त्या दिवशी मी तिथेच होतो! आणि त्यांनी गाणं धरलं, नाना. भसाड्या आवाजात, तीन कडवी. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनीही टाळ्या वाजवल्या.

काल पत्र आलं. माझी नोकरी कायम झाली.

आता तुमचा खरा शेवट काय ते कळवा. मुली छळताहेत.

तुमची कायम झालेली,
एकुवा

*

एसाकिर, ता. १४ एप्रिल १९७१

चि. एकुवास,

आशीर्वाद, या वेळी मान वर करून. आजी पुन्हा बोलू लागलीय, म्हणजे रागावू लागलीय.

माझ्या गोष्टीत कासव राजाच्या पालखीवरच्या छत्रीत लपून पोहोचतं. चाळीस वर्षं तसंच सांगितलं. शोकाच्या घराचं वाक्य मी राजाचा थाट म्हणून टाकत आलो, कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं. ते उगवेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं. शनिवारी मी अराबाचा शेवट सांगितला. एबोने तीनदा अडवलं. तिसऱ्यांदा म्हणाला, त्या सांत्वनाला मी होतो, राजाने माझ्या वाट्याची ताडी प्यायली! लोकांनी विचारलं, म्हाताऱ्या, एवढ्या वर्षांनी अक्कल कुठून आणलीस? मी पोरीचं नाव सांगितलं. तिला न विचारता तिचा शेवट वापरला, ही रुखरुख मात्र आहे. माझ्या वतीने तिची परवानगी माग.

आणि सुट्टीत तिला घेऊन ये. मी पहिल्या रांगेत बसेन, गोष्ट ती सांगेल. गाण्याची तयारी आत्तापासून चालू आहे, आजीने कानात कापूस घातलाय. पोरीला आधीच सांगून ठेव, की ऐन रंगात एक म्हातारा उठून आरडाओरडा करील. तिने घाबरू नये, आणि माझ्यासारखी लॉरी तर मुळीच धरू नये.

वाट पाहणारा,
नाना