तेरावी म्हातारी

क्राकोव्ह, ईस्टरनंतरचा मंगळवार

ती. कामिल्लाताईस, तुझ्या धाकटीचा गुडघे टेकून नमस्कार. (गुडघे अजून दुखताहेत. कारण पुढे येईलच.) तुझी कंबर कशी आहे? मांटुआत बदामाचा बहर ओसरला असेल. मी इथे अजून दोन लोकरी परकर घालते आणि राणी कमी, गाठोडं जास्त दिसते. हे पत्र घेऊन आपली मेंगादाई येईल. तिला आधी बसायला दे, गरम काहीतरी प्यायला दे, मग पुढचं वाच. तिला इथून काढून टाकलं आहे.

त्याचं असं झालं. इथे पवित्र गुरुवारी राणीने बारा गरीब म्हाताऱ्यांचे पाय धुवायचे, पुसायचे, त्यांचं चुंबन घ्यायचं. नजर वर करायची नाही, कारण ती नम्रता. म्हणजे बाकावर कोण बसलंय ते राणीला पावलांवरूनच कळणार. त्यात राणीच्या हाताला मळ लागू नये म्हणून कारभारी त्या बायांना सकाळीच तीनदा धुऊन आणतात. बाराही जणींचे पाय माझ्यापेक्षा स्वच्छ होते. मी नुसती पाणी हलवत पुढे सरकत होते. आणि मग, ताई, एक खरोखरचं मळकं पाऊल आलं. टाचेला भेगा, शेजारी रफू केलेला मोजा. मला इतका आनंद झाला की बाह्या सारून घासायलाच बसले. सगळा दरबार पाहत होता. एवढ्या भक्तीने इथल्या कुठल्या राणीने पाय घासला नसेल असं मला वाटलं, आणि ते चेहऱ्यावर दिसलंही असणार.

चुंबन घेतलं तेव्हा वरून आवाज आला, "हात चांगला आहे हो, सूनबाई. आता दुसराही घासा."

त्या दोरोता आत्याबाई होत्या. महाराजांच्या वडिलांची सख्खी बहीण, अकरा गावांची मालकीण, आणि जळून उरलेल्या मेणबत्त्यांची थोटकं घरी नेणारी बाई. पाय सुजले म्हणून बाकाच्या टोकाला टेकून त्यांनी जोडे-मोजे काढले होते. मी दुसराही घासला. दुसरं काय करणार? कारभाऱ्याला नेमून दिलेलं काम ठाऊक. पाय धुतले की पाव, खारा मासा आणि कापड. त्याने मुकाट्याने तेही त्यांच्या मांडीवर ठेवलं. आत्याबाईंनी कापड दोन बोटांत चोळून पाहिलं आणि ठेवून घेतलं. प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण प्रधानांची बायको हसली.

मग मात्र आत्याबाईंना आपला अपमान झाल्याचं आठवलं. "मला भिकारीण ठरवलं," त्या महाराजांना म्हणाल्या, "आता एक तर ही चूक करणारी जाईल, नाहीतर मी." (कापड परत आलेलं नाही. मासाही नाही.) महाराज भला माणूस, पण आत्यापुढे अजून शाळकरी पोर. त्यांनी मला विचारलं, "मोजत कोण होतं?" मोजायचं काम मेंगाकडे होतं. बारा झाल्या की तिने माझी शाल ओढायची, असं ठरलं होतं. मी तसं सांगितलं. आज ती निघते आहे. मुलांना आशीर्वाद.

तुझी ओर्तेन्सिया

ता. क. जी बाई अंडीवाल्याला एका अंड्यानेही फसवू देत नाही ती बारा मोजायला चुकेल, हे तुला पटलं नसणारच. तिने शाल ओढली होती. दोनदा. मी खांदा झटकला, कारण लोक पाहत होते आणि मला थांबायचं नव्हतं. महाराजांनी विचारलं तेव्हा ती माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. या वेळी ती नम्रता नव्हती.

ता. क. दुसरा. आपल्या आईची खोली तिला दे, जिन्याखालची नको. आणि मला रागावून लिही. सविस्तर रागाव. आता तिच्यासमोरच पत्र बंद करते आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून मघाशी विचारत होती, "चूक माझी म्हणून लिहिलंस ना, पोरी? नाहीतर ताई तुला बोलेल."

मी हो म्हटलं.