सर्व्हरला घातलेलं गाऱ्हाणं

अंधेरी, रविवार

तीर्थस्वरूप दत्ताराममामांस,

यज्ञेशचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (मामी म्हणते, तो मांडवाचं काम दिसलं की मगच दुखतो. मी काही तुमच्या विरोधात बोलत नाही.) आम्ही सगळे इकडे मजेत.

आपल्या हेमांगीला सख्खा भाऊ नाही, म्हणून लग्नात नवरदेवाचा कान मीच पिळायचा, हे ती फ्रॉक घालायची तेव्हाचं ठरलेलं. पण आमचे विद्याधरसाहेब रजा देईनात! मी अगदी रडकुंडीला आलो होतो. तेवढ्यात, कोणाचा अर्ज कोणाकडे जायचा हे ठरवणाऱ्या आमच्या सर्व्हरवर नवी आवृत्ती चालू करायचा दिवस उजाडला. नवी चालू झाली की जुनी आपोआप बंद, असा साधा हिशेब. आमचा जयवंत पडला मालवणी. शुभकामाआधी नारळ घेऊन देवाला गाऱ्हाणं घालायला उभा राहिला आणि स्वरदाला म्हणाला, "आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हटलं की बटण दाब." स्वरदा नागपूरची. गाऱ्हाण्यात दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' येतं, हे तिला कोणी सांगितलंच नाही! जयवंत रंगात आला, आम्ही ओरडत राहिलो आणि ती बिचारी दर वेळी इमानाने बटण दाबत राहिली. तेच बटण पुन्हा दाबलं की नवी बंद; त्यामुळे नवी चालू होतेय तोवर बंद, बंद होतेय तोवर चालू. सर्व्हर पार गोंधळला. पाटी दाखवतो 'नवी चालू' आणि आत कारभार सगळा जुनीचा.

जुनीत रजेचे अर्ज जायचे आमच्या आधीच्या साहेबांकडे, चंद्रप्रकाशसाहेबांकडे. ते गेल्या वर्षी निवृत्त होऊन मनोरीला राहायला गेले, पण त्यांचं खातं बंद करायचं राहूनच गेलेलं; तेव्हापासून आम्ही रजा कागदावरच विद्याधरसाहेबांकडे मागायचो. नवी चालू झाली असं समजून मी सर्व्हरवर पुन्हा अर्ज टाकला, तो थेट चंद्रप्रकाशसाहेबांच्या मोबाइलवर. इतक्या महिन्यांनी कोणीतरी आपल्याला विचारतंय म्हटल्यावर माणूस हरखूनच गेला. आला अर्ज की मंजूर! मामा, मी खुर्चीतच नाचलो.

आता दुरुस्तीचं काम माझ्याच गळ्यात. दुरुस्त केलं की या मंजुऱ्या रद्द. पण विद्याधरसाहेबांचीही रजा त्यातच मंजूर झाली आहे, त्यामुळे ते म्हणाले, "घाई नको रे, नीट अभ्यास कर." करतोय.

मामीला नमस्कार, हेमांगीला एक टपली.

तुमचा,
यज्ञेश

ता. क. : एका माणसाची जास्तीची सोय करा. चंद्रप्रकाशसाहेबांनी माझ्या अर्जातलं कारण वाचलं आणि स्वतःचीही रजा मंजूर करून घेतली. लग्नाला येताहेत.

ता. क. २ : त्यांना तिथे काहीतरी मंजूर करायला द्या. सोलकढी चालेल.