न आलेला ढेकर

८ जानेवारी १९६४, नागपूर

पांढरी लापशी पाजली. खडू कालवून दिल्यासारखी! मग अंधाऱ्या खोलीत यंत्रासमोर उभं केलं आणि डॉक्टर पडद्यावर पाहत राहिले, घास कसा उतरतो ते. डोकं खाली करून निजवलं, तर सगळं सरळ घशाशी आलं.

म्हणाले, जठर वर सरकलं आहे, ऑपरेशन करू. जठराचाच पट्टा अन्ननळीभोवती गुंडाळायचा. पण माझ्या नळीची लाट मंद आहे, घास ढकलायला तिच्यात जोर नाही. पट्टा घट्ट केला तर घास अडकेल, सैल ठेवला तर आंबट पुन्हा वर येईल. मी विचारलं, मग? म्हणाले, बेताचा ठेवू. बेताचा! अठरा वर्षं शाळा चालवतो मी, कोणी काम बेतानं करतो म्हणाला की मी ते पुन्हा करायला लावतो.

९ जानेवारी

जाई म्हणाली, नऊ वर्षं खुर्चीत बसून झोपता, अजून किती? बायकोचं म्हणणं खरं आहे. आडवा झालो की छातीत निखारा. सही केली.

१६ जानेवारी

जिवंत आहे.

२४ जानेवारी

छातीच्या डाव्या बाजूनं उघडलं होतं. टाके पार पाठीपर्यंत. आज मऊ भात दिला. पहिला घास मध्येच थांबला — थांबलाच! वाटलं, संपलं आता, बेत चुकला यांचा. मग हळूच उतरला. डॉक्टर म्हणाले, सूज आहे, ओसरेल. बारीक चावा, घाई करू नका. आणि एक सांगून ठेवतो, ढेकर येणार नाही, ओकारीही नाही.

मी म्हटलं, साहेब, त्या आंबट ढेकरांनीच तर जीव नकोसा केला होता. गेले तर ब्याद टळली!

१९ फेब्रुवारी, अकोला

आडवा झोपलो. सरळ, पाठीवर! जाईनं म्हणे दोनदा नाकाशी बोट धरून पाहिलं. दुपारी ठेचा खाल्ला, मुद्दाम. जळलं नाही. खरंच नाही! स्वयंपाकघरातच रडलो, लाज वाटली नाही.

शाळेत पोटाचा आजार एवढंच सांगितलं आहे. छातीवरच्या व्रणाचं घराबाहेर कोणाला कळू द्यायचं नाही. छाती उघडली म्हटलं की लोक क्षयच म्हणणार, आणि यंदा मुलाचं, शालिकरामचं लग्न करायचं आहे. क्षयाच्या घरात मुलगी कोण देईल?

१२ एप्रिल

अंजनगावला मुलगी पाहून आलो. खुशालरावांची कौशल्या. पानमळा आहे त्यांचा. मुलगी मॅट्रिक. मान खाली घालून बसली नाही, शालिकरामला सरळ विचारलं, तारखात्यात बदल्या किती होतात? आमच्या पोराचे कान लाल. घोडं तिथंच गंगेत न्हालं असतं!

पण जेवण. पुरणपोळ्या तिनंच केल्या होत्या. मी दीड खाल्ली, गाईसारखं रवंथ करत. हात धुतले. पंगतीतल्या सगळ्यांनी भरल्या पोटाचे ढेकर दिले, खुशालरावांनी तर तीन. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. आपल्याकडे जेवून उठलेल्या सोयऱ्याचा ढेकर म्हणजे पोच! मी पोटावर हात फिरवला, मान वर केली, जोर केला. काही नाही. दार बंद. शेवटी म्हटलं, छान झालं जेवण. माझं मलाच ते कोरडं वाटलं.

२० एप्रिल

माणिकबाई आली. हे स्थळ तिनंच सुचवलेलं. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "भाऊजी, पोरगी पसंत नाही त तोंडानं सांगा लागत होतं. अर्धी पोळी टाकली, ढेकरही नाही देल्ला. तिची माय रडून रायली." आता खुशालराव बाळापूरचं दुसरं स्थळ पाहणार आहेत म्हणे.

मला हसूच आलं. मग शालिकरामकडे पाहिलं. पोरगं भरल्या ताटावरून उठून गेलं. किती मूर्ख आहे मी!

२१ एप्रिल

सांगावं की नाही? जाई म्हणते सांगा. मी म्हटलं, क्षय समजले तर हे स्थळ जाईल, पुढचीही जातील. शालिकराम दारातून म्हणाला, "बाबा, तुमी वाचले, हे काय लपवाची गोष्ट हाय?"

बसलो आणि खुशालरावांना पत्र लिहिलं. लापशी, नळी, पट्टा, व्रण — सगळं. शेवटी लिहिलं, मुलगी पसंत आहे, ढेकर मात्र या जन्मी येणार नाही.

३० एप्रिल

उत्तर नाही.

३ मे

नाही. शालिकराम हल्ली घरात तारेच्या भाषेत बोलतो. हो. नाही. जेवलो.

६ मे

खुशालराव आले. एकटेच. लग्नाचं एक अक्षर नाही. मला आतल्या खोलीत नेऊन सदरा काढायला लावला. व्रणावरून पाठीपर्यंत बोट फिरवलं. मला वाटलं, झालं, खात्री करायला आले. मग ते खाटेवर बसले.

"मास्तर, बारा वर्षं झाले, मी मळ्यात बसूनच झोपतो. घरी सांगतो, राखण करतो म्हणून. मले नागपूरले नेसान काय? मंग तारीख काढू. पोरीच्या लग्नात मले जेवता आलं पाह्यजे."