बसक्या गाडीचे टायर

ती. दादास,

मुलुंडहून धाकटा भाऊ सहदेव याचा साष्टांग नमस्कार. वहिनींचा खोकला गेला का, म्हैस व्यायली का, आणि मागच्या पडवीवर पत्रे घातलेस का, ते सवडीने कळव. हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू ‘बरं, ठेवतो’ एवढंच बोलतोस आणि मला जे सांगायचंय ते त्यात मावणारं नाही. आई बरी आहे. ऑपरेशन झालेला गुडघा वाकायला लागलाय, पण आदळआपट अजिबात चालणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. तिचा मात्र एकच धोशा आहे, की गणपतीला गावी जायचं. तर तिला मी माझ्या गाडीतून, गुडघ्याला एकही हिसका न बसता, थेट तुझ्या अंगणात आणून उतरवणार, असं मी प्रेमासमोर, निधीसमोर आणि खुद्द डॉक्टरांसमोर बोलून बसलोय. गाडी आहे, ड्रायव्हर (म्हणजे मी) आहे, पेट्रोलही आहे. अडलंय ते टायरपाशी.

आता टायर कुठून निघाले, तर पार्किंगमधून. आमची बिल्डिंग पाडून नवी झाली हे तुला ठाऊकच आहे. नव्या बिल्डिंगमध्ये गाड्या जमिनीवर ठेवत नाहीत, फडताळात ठेवल्यासारख्या एकीवर एक ठेवतात. याला स्टॅक पार्किंग म्हणतात. कुठला कप्पा कुणाला, याच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि मला रोझारिओंच्या खालचा कप्पा आला. (रोझारिओ म्हणजे आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले, जहाजावरून निवृत्त झालेले. सल्ला देण्यातून अजून व्हायचेत.) इतकी वर्षं गाडी रस्त्यावर उभी करून तिच्यावर कावळ्यांनी जे काय केलं ते सोसलं, आता हक्काची जागा मिळाली म्हणून मी पेढे वाटले. मग गाडी आत घालायला गेलो, तर टप वरच्या लोखंडी पट्टीला अडला. बोटभरच, पण अडला तो अडला. सेक्रेटरी तेजल मॅडम शांतपणे म्हणाल्या की गाडी बसत नसेल तर कप्पा पुढच्या चिठ्ठीवाल्याला जाईल. मी त्याहून शांतपणे म्हणालो की बसेल. कशी बसेल ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

मग मी विचार केला, की पट्टी वर जात नाही तर गाडी खाली गेली पाहिजे. अंधेरीला मरोळच्या बाजूला डेल्रॉय नावाचा मुलगा कॉलेजच्या पोरांच्या गाड्या खाली करून देतो. माझ्यासारखं गिऱ्हाईक त्याच्याकडे कधी आलं नसावं, कारण तो दोनदा विचारून गेला, की अंकल, मुलाची गाडी आहे काय? चाकांवरच्या नव्या बुटक्या स्प्रिंगा माझ्या जुन्या गाडीला मिळेनात, तेव्हा आहेत त्याच कापू म्हणालो. तो नको म्हणत होता. मीच आग्रह केला आणि त्याने कापल्या. गाडी अशी खाली बसली, की बघून समाधान वाटलं. कप्प्यात अलगद गेली. त्या रात्री जेवताना प्रेमाने सहज विचारलं, की टपावरचा तो कॅरिअर काढला असतात तर? (मागच्या वर्षी तुझ्याकडे मखराचं सामान आणायला बसवलेला, तो. चार बोल्टांवर आहे. पान्ह्याने निघतो.) मी भात कालवत राहिलो. कापलेले केस तरी वाढतात, दादा, स्प्रिंग वाढत नाही.

पुढच्या रविवारी आईला घेऊन पवईच्या तलावापर्यंत चाचणी काढली. मी, आई, प्रेमा आणि निधी. जाताना पहिल्याच खड्ड्यात मागून खर्रर्र असा आवाज आला. पुन्हा खड्डा, पुन्हा खर्रर्र. आई मागे वळून म्हणाली, “नारळ कोण खवता रे?” नारळ नव्हता, टायर खवला जात होता. गाडी खाली आल्यामुळे मडगार्ड टायरच्या डोक्यावर येऊन टेकला होता आणि माणसं बसली की घासत होता. येताना आमच्याच गेटच्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट घासलं. वॉचमन मदतीला धावला, त्याने आधी आम्हाला उतरवलं आणि मग गाडी. आईने गुडघा धरला, पण दुखला म्हणाली नाही. ती म्हणत नाही तेव्हा दुखलेला असतो, हे तुला माहीत आहे. मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून मी टायरचं माप शिकतोय आणि जितका शिकतो तितका बुडतोय. आपल्या टायरवर लिहिलंय १८५/६५ आर १५. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. शेवटचा आकडा आतल्या रिमचं माप, इंचात. आणि मधला आकडा टायरच्या भिंतीची उंची, तीही मिलिमीटरात नाही, इंचातही नाही, टक्क्यात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. आपल्याकडे कापडवाला वार, मीटर आणि टक्के एकत्र करून बोलला असता तर त्याला आपण दुकानातच बसू दिलं नसतं. वर, टायर मोठा घेतला तर गाडी उचलली जाते पण मडगार्डला घासतो, आणि लहान घेतला तर घासत नाही पण पोट आणखी खाली येतं. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये स्पीडब्रेकर.

डेल्रॉय म्हणाला १९५/५५ आर १६ घाला. रिम मोठी, टायर पातळ, एकूण उंची जवळपास तीच. मी विचारलं, उंची तीच तर मग बदलायचं कशाला? तो म्हणाला, “अंकल, लूक झकास येईल ना.” शिवाय पातळ टायरमध्ये हवेची गादी कमी, म्हणजे खड्डा थेट आईच्या गुडघ्यात. ते रद्द. निधी म्हणाली, जे कंपनीने दिलंय तेच ठेवा, बाबा. हा सल्ला सोपा होता म्हणून मला पटला नाही. रोझारिओ म्हणाले, अरुंद घे. मी मात्र स्वतःच्या डोक्याने रुंद घ्यायचे ठरवले, कारण रुंद टायर म्हणजे ऐसपैस, आणि ऐसपैस म्हणजे धक्का कमी. २०५/६५ आर १५ चे जुने, पण बरे टायर घाटकोपरच्या एका दुकानातून बसवून घेतले. ६५ आणि १५ तेच ठेवले होते, म्हणजे उंची तीच राहणार, अशी माझी समजूत. निघालो तो दुकानाच्या कोपऱ्यावरच वळताना चारही चाकं घासायला लागली. चाकं उंच झाली होती, आणि जाडही. घरी येऊन डोकं धरून बसल्यावर उजेड पडला. ते पासष्ट टक्के रुंदीचे असतात. रुंदी वाढली की भिंतही वाढते, जसं बेसिक वाढलं की महागाई भत्ता आपसूक वाढतो. आणि दादा, मी तीस वर्षं पगार विभागात काढली. भत्ता लावण्यात माझा हात धरणारा ऑफिसात कोणी नव्हता.

दुकानदाराने टायर परत घेतले, तोंड मात्र वाकडं केलं. त्यानंतर मी शास्त्रशुद्ध वागायचं ठरवलं. आईला रोज चाचणीला नेता येत नाही, म्हणून तिच्या वजनाइतके तांदूळ पोत्यात भरून तिच्या जागी ठेवले, पट्टा लावला आणि सोसायटीला फेऱ्या मारल्या. आईने गॅलरीतून ते पाहिलं. आपल्या जागी पोतं बसलेलं बघून ती संध्याकाळी भाताला नको म्हणाली. एवढ्या सगळ्या खटाटोपानंतर निर्णय असा, की रोझारिओ म्हणतात तेच खरं. १७५/६५ आर १५. थोडे अरुंद, म्हणून (भत्त्याच्या हिशोबाने) थोडे बुटके, मडगार्डला घासत नाहीत. पोतं आणि प्रेमा दोघांना बसवून पाहिलं, आवाज नाही. गाडीचं पोट आणखी किंचित खाली आलंय, पण हायवेवरचे स्पीडब्रेकर मी तिरके घेणार आहे, एकेक चाक चढवत. तेव्हा तू निर्धास्त राहा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आई तुझ्या अंगणात असेल. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सहदेव

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. तुझ्या घराच्या आधी शाळेपाशी जो स्पीडब्रेकर आहे, तो रस्ता अरुंद असल्यामुळे तिरका घेता येत नाही. मी मनात सगळी मापं लावून पाहिली, कुठल्याच टायरने गाडी त्याच्यावरून जात नाही. तो तूच दोन वर्षं ग्रामपंचायतीशी भांडून घालून घेतलास, आणि उद्घाटनाला नारळही तूच फोडलास, हे माझ्या लक्षात आहे. तरी तेवढा गणपतीपुरता काढता आला तर बघ. अख्खा नको, दोन चाकांमधला काढलास तरी चालेल.

ता. क. २. भावोजी, प्रेमाचा नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून चार ओळी लिहिते. आईंचं आणि माझं रेल्वेचं तिकीट मी जूनमध्येच काढून ठेवलंय, खालचा बर्थ. ह्यांना सांगितलं नव्हतं. काल आईंना तिकीट दाखवलं, तर लेकाच्या कौतुकाने म्हणाल्या, “झिलान येवढी खटपट केल्यान, मी तेच्याच गाडयेत बसतलंय. हाडां काय, पुन्हा जोडूक येतत.” मी पुष्कळ समजावलं. ऐकत नाहीत. तेव्हा भावोजी, हसण्यावारी नेऊ नका, तो स्पीडब्रेकर खरंच काढा.