समुद्र दिसणारी फॅमिली रूम

ती. वन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (कागदावर वाकता येतं, एरवी गुडघे ऐकत नाहीत). तुमच्या कानातली गुणगुण थांबली का? थांबली नसेल तर निदान चाल तरी बदलली का, ते कळवा. इकडे सगळे खुशाल. मी तर इतकी खुशाल आहे की शेजारच्या शिंपीणबाईंनी दोनदा येऊन विचारलं, बरं आहे ना म्हणून. वन्सं, मी समुद्र बघून आले. पलंगावर बसून बघितला. आता चष्मा लावून निवांत बसा, पहिल्यापासून सांगते.

तुमचे बंधू दर सुट्टीत म्हणायचे, पुढच्या वर्षी समुद्र. अशी एकतीस पुढची वर्षं गेली, मग तेच गेले. यंदा मुलाला विम्याच्या कचेरीतून चार दिवस रजा मिळाली (दिली नव्हती, संपत होती) आणि तो म्हणाला, आई, तुला समुद्र दाखवतो. मी एकच अट घातली. वाळूत चालणं माझ्याच्याने व्हायचं नाही, तेव्हा सकाळी डोळे उघडले की अंथरुणातून समुद्र दिसला पाहिजे. बाकी न्याल तिथे येते. सगळ्यांनी माना हलवल्या आणि हॉटेल निवडायला बसले, ते सव्वा महिना उठले नाहीत.

आधी मुलाने बजेट ठरवलं. बजेट म्हणजे काय, तर आपल्याला परवडणारं हॉटेल आपल्याला का आवडत नाही, ते कळण्याची सोय. मग त्याने कॉम्प्युटरवर रकाने आखले आणि लोकांची मतं वाचायला घेतली. एका हॉटेलवर नऊशे माणसांनी लिहिलेलं. वन्सं, माझ्या लग्नाच्या वेळी तुमच्या घराण्याची चौकशी बाबांनी एका पोस्टमनकडे केली होती, तीही अर्धीच, कारण त्याला पुढच्या घरी जायचं होतं. इथे नऊशे! एकाने पाच चांदण्या दिलेल्या, का तर टॉवेल मऊ. दुसऱ्याने एकच दिली, का तर समुद्राचा आवाज फार येतो. मुलाने दोघांचंही खरं मानलं आणि ते हॉटेल सोडलं. दुसरं एक ‘समुद्रापासून पाच मिनिटांवर’ होतं. कशाने पाच मिनिटं ते लिहिलं नव्हतं, नातीने नकाशा काढला तेव्हा वाटेत दोन डोंगर निघाले. तिसऱ्याच्या खिडकीत फोटोत समुद्र छान दिसायचा, पण खाली कुणी भल्या माणसाने लिहिलेलं, ते समोरच्या भिंतीवरचं चित्र आहे, पावसाने निळा रंग ओघळलाय.

सूनबाईला पोहण्याचा तलाव हवा. पोहता कुणालाच येत नाही आणि शेजारी अख्खा समुद्र आहे, पण तलाव हवा (तिच्या शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका जिथे उतरल्या तिथे होता). नातीला फक्त नेट हवं, मग खोलीला छप्पर नसलं तरी चालेल. आणि एक हॉटेल तर रोज लाल अक्षरांत ओरडायचं, फक्त दोनच खोल्या शिल्लक, आत्ता अकरा जण हेच बघताहेत. त्या दोन खोल्या तीन आठवडे शिल्लकच होत्या. आणि त्या अकरातले तिघे आमच्याच घरातले निघाले, आपापल्या फोनवर, एकमेकांना घाबरत. माझ्या अटीचा रकाना मात्र मुलाने कधी पुसून टाकला ते कळलंच नाही. विचारलं तर म्हणतो, आई, व्ह्यूचे वेगळे पैसे लागतात.

रजेला पाच दिवस उरले तेव्हा तिघं एकमेकांशी बोलेनासे झाले. मग मी म्हटलं, मी बघते. सूनबाईने तेवढं बजावलं, की लॉज शब्द काढायचा नाही, लॉजमध्ये सभ्य माणसं उतरत नाहीत, हॉटेलच म्हणायचं. मी आज्ञाधारक. माझ्याकडचा एक नंबर फिरवला आणि विचारलं, हॉटेल आहे का? आहे म्हणाला. चौघांचं कुटुंब आहे, जागा आहे का? तो म्हणाला, माडीवर स्वतंत्र फॅमिली रूम आहे. समुद्र दिसतो का? समोरच. तिखट चालतं का, असंही विचारलं बिचाऱ्याने. मला काय ठाऊक, चार इयत्ता शिकलेली बाई मी.

भर दुपारी चार बॅगांसह पोचलो. मालक खांद्यावर फडकं टाकून सामोरा आला, हसून माडीवर घेऊन गेला. फॅमिली रूम होती हो, स्वतंत्र, पडदा लावलेली. आत एक टेबल, चार खुर्च्या, हात धुवायचं भांडं आणि भिंतीवर भाजीचे दर. सूनबाईने पडद्यामागे पलंग शोधला. नातीने मेन्यूकार्ड उघडून विचारलं, यात झोपायचं कुठल्या पानावर आहे. मुलाचा चेहरा बघून मालकाने त्याच्यापुढे पाण्याचे दोन पेले ठेवले.

मग त्याने फोन काढला. गावातली सगळी हॉटेलं भरलेली, उरलेल्यांचे दर तिप्पट. शेवटी म्हणाला, “पाचची बस पकडू. समुद्र पुढच्या वर्षी.” वन्सं, अगदी तुमच्या बंधूंचा आवाज. मी खिडकीकडे तोंड करून बसले. खिडकीत समोरच्या घराची टाकी.

मालक टेबल पुसत होता, पुसलेलंच पुन्हा पुसत. मान वर न करता म्हणाला, “वर आईच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. नर्सबाई राहायच्या, त्यांची बदली झाली.”

चार दिवस राहिलो. पलंग खिडकीला लागून, आणि तिथून त्या टाकीच्या डोक्यावरून थेट समुद्र. समुद्र म्हणजे काय सांगू, जन्मभर कुणीतरी धुतलेली चादर झटकतंय आणि वाळत म्हणून घालत नाही. पहिल्या सकाळी मी चहासुद्धा थंड केला. नेट नव्हतं, तर नात मालकाच्या आईशी पत्ते खेळली आणि हरली. सूनबाई समुद्रात घोट्यापर्यंत गेली, तलावाचं नाव काढलं नाही. मुलगा दुपारी तीन-तीन तास झोपला. त्याला एकच रुखरुख, ही जागा कॉम्प्युटरवर नाही, मग चांदण्या द्यायच्या कुठे?

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, तुम्हाला दोन्ही.

तुमची,
भावजय

ता. क. तुमच्याशी खोटं बोलवत नाही. त्या मालकाने फोनवरच स्पष्ट सांगितलं होतं, आजी, हे जेवायचं हॉटेल आहे, राहायचं असेल तर वर आईच्या खोल्या बघा. मीच म्हटलं, मुलाला यातलं काही बोलू नका, तो आला की आपोआप घडू दे. आधी कळलं असतं तर त्याने त्या खोल्यांच्या चांदण्या शोधल्या असत्या, आणि त्यांना एकही नाही. पाचची बस मात्र मी हिशेबात धरली नव्हती, तेवढी भीती खरी.

ता. क. दुसरं. नंबर शिंपीणबाईंनी दिला, हे मुलाला कळलं तर तो तिथे जाऊन चौकशी करील आणि त्या बाईंच्या पोटात काही राहत नाही. म्हणून मी तुमचं नाव सांगितलंय. तुमच्यापुढे अजून त्याची बोबडी वळते. त्याचा फोन आला तर नुसतं ‘हो, मीच दिला’ म्हणा आणि ठेवा. पुढे बोललात तर खरं बोलाल, मला स्वभाव ठाऊक आहे.

ता. क. शेवटचं. त्याची सवय बघता, कोणता नंबर, असंही विचारील. मागच्या पानावर लिहून दिलाय, पाठ करून ठेवा. आणि पाठ झालाच आहे तर एकदा फिरवूनही बघा. पलंग दोघींना पुरतो, मी मोजून आले आहे.