बंद इंजिनाचा काटा

सोमवार संध्याकाळ, इंद्रलोक सोसायटी

चहा गार होतोय, होऊ दे. आधी लिहिते.

आज जिंकले. आमच्या फ्लाइंग क्लबचं छोटं विमान दसऱ्यापासून जमिनीवर होतं, कारण ऑइल प्रेशर भलतंच जास्त दाखवत होतं. हँगरचे, म्हणजे विमानांच्या शेडचे, मोठे सर म्हणत होते, व्हॉल्व्ह अडकलाय, इंजिन उद्या खोलायचं. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नव्हती. इंजिन बंद, प्रॉपेलर थांबलेला, नुसता स्विच ऑन केला तरी काटा वर. बंद इंजिनात प्रेशर येईल कुठून? मग खोटं कोण बोलतंय, इंजिन की मीटर?

सरांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "बघ बाई, तुझं समाधान कर. उद्या खोलायचंच आहे."

टॉर्च घेऊन सेन्सरच्या वायरी चाचपत गेले. अर्थिंगची वायर ढिली, आणि तिला गुंडाळलेल्या दोऱ्यात सुकलेला झेंडू. पूजेचा हार कुणीतरी त्या वायरलाच बांधला होता आणि उतरवताना ओढून काढला होता. अर्थ सुटला की मीटर उगाच वर जातं. वायर घट्ट केली. काटा शून्यावर. मग वेगळं मीटर जोडून इंजिन सुरू केलं. दोन्हीकडे प्रेशर सारखं, हवं तेवढंच.

"हार कोणी बांधलेला?" मी विचारलं. बाकीचे मेकॅनिक सरांकडे बघायला लागले.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला तूच बांध."

बांधेन की. प्रॉपेलरला.